कारणकाका

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की आधी इंजिन दिसत नाही, माणसं दिसतात. क्षणापूर्वी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बॉनेटचा खटका वाजतो आणि टपरीमागून, जिन्यातून, बसथांब्यावरून माणसं निघतात. मिनिटभरात पाच-सहा डोकी आत वाकलेली असतात. त्यांतली बहुतेक निव्वळ बघ्यांची. ती ‘काय झालं?’ असं एकदा विचारतात, ‘धक्का मारायचाय का?’ असं जरा भीत भीत विचारतात आणि मारायचा नाही म्हटल्यावर सुटल्याच्या आनंदात आपापल्या वाटेला लागतात. एक डोकं मात्र हलत नाही. त्याने ‘काय झालं?’ हे विचारलेलंच नसतं. काय झालंय ते त्याला ठाऊक असतं.

हे कारणकाका.

कारणकाका साठीच्या अलीकडे-पलीकडे असतात. त्यांची नोकरी बँकेत, पाटबंधारे खात्यात किंवा कॉलेजात इतिहास शिकवण्यात झालेली असते. क्षेत्र कुठलंही चालतं, फक्त गाड्यांचं नको. ज्यांनी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, ती माणसं उघडं बॉनेट दिसलं की फुटपाथ बदलतात. काकांच्या अंगात स्वच्छ सदरा असतो, चष्मा कपाळावर असतो आणि हातात दुधाची पिशवी असते. दूध आणायला ते सकाळी घराबाहेर पडलेले असतात. दूध घेऊन झालेलं असतं. घरी जाणं तेवढं राहिलेलं असतं.

काकांच्या भाषेत ‘मला वाटतं’, ‘कदाचित’, ‘बघावं लागेल’ असले शब्द नाहीत. ‘शंभर टक्के’ हा एकच आकडा त्यांना येतो आणि तो ते गाडी बघण्याआधी सांगतात. त्यांचं म्हणणं असं, की बघितल्यावर काय, कोणीही सांगेल.

तरी एक विधी ते पाळतात. मालकाला इंजिन चालू करायला लावतात, हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि डोळे मिटून ऐकतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, ही जुन्या मिस्त्र्यांची खरी रीत आहे. काकांनी ती लांबून पाहिलेली आहे. त्यामुळे ते मूठ इंजिनाला लावतात आणि टोक कानात घालतात. बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. काका डोळे उघडतात.

“मिसिंग मारतेय,” ते जाहीर करतात.

हे एवढं वाक्य खरं असतं. ते मालकानेच सकाळी सांगितलेलं असतं.

आता मिसिंग म्हणजे होतं काय, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय काकांची थोरवी कळायची नाही. आपल्या जुन्या गाड्यांची इंजिनं चार सिलिंडरची. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण येतं, दाबलं जातं, नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते, जाळ होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडावी लागते. चौघांच्या मिळून शंभर. त्याही ओळीने नाही. बहुतेक गाड्यांत पहिल्यानंतर तिसरा, मग चौथा, मग दुसरा असा क्रम असतो. यातली एखादी ठिणगी चुकली, किंवा ठिणगी पडूनही जाळ झाला नाही, की त्या फेरीला तो सिलिंडर काम करत नाही. चौघांनी उचललेल्या पालखीतून एकाने मधेच खांदा काढून घ्यावा, तशी गाडी हिसका खाते. थांबत नाही, पण सुखाने चालतही नाही.

शास्त्राने पाहिलं तर शंका तीनच: मिश्रण बरोबर आहे का, ते नीट दाबलं जातंय का आणि ठिणगी वेळेवर पडतेय का. पण या तीन शंकांच्या पोटात पन्नास-साठ सुटे भाग दडलेले असतात. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, आतला रोटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्बोरेटरची जेटं, पेट्रोलपंप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॉल्व्ह, रिंगा. यातला कुठलाही भाग बिघडला तरी गाडी करते तक्रार एकच. म्हणून निदान अवघड. चांगला मिस्त्री त्यात एकेक भाग निर्दोष ठरवत जातो आणि शेवटी जो उरेल त्याला पकडतो. काका उलट्या दिशेने येतात. त्यांचा आरोपी ठरलेला असतो. गाडी कुठली, एवढंच बघायचं बाकी असतं.

हा आरोपी त्यांना कुठे भेटला, हे शोधून काढलं की काकांचं अर्धं चरित्र हाती लागतं. एका काकांची फियाट चौऱ्याऐंशी साली रात्री खंबाटकी घाटात बंद पडली होती. मागच्या सीटवर पत्नी, दोन मुलं, सासूबाई आणि लग्नाचा आहेर. एका ट्रक ड्रायव्हरने गाडी थांबवली, विजेरीच्या उजेडात डिस्ट्रिब्युटरला लटकलेला अंगठ्याएवढा डबा बदलला आणि पैसे न घेता निघून गेला. तो डबा म्हणजे कंडेन्सर. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडून ते जळू नयेत आणि कॉइलमधून जोरकस करंट निघावा, म्हणून तो असतो. तो गेला की गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारते, हे अगदी खरं. पण त्या रात्रीपासून काकांच्या लेखी जगात कंडेन्सर सोडून काही बिघडतच नाही. त्यांच्यापुढे डिझेल ट्रॅक्टर आणून ठेवला, तरी ते कंडेन्सर बघायला सांगतील.

असे अनेक संप्रदाय आहेत. कंडेन्सर संप्रदाय सगळ्यांत जुना. त्याच्या खालोखाल कचरा संप्रदाय. यांचं म्हणणं, पेट्रोलमधून कचरा आला आणि जेट चोक झालं. त्यांच्या हातात कार्बोरेटर सापडला की ते जेट काढून तोंडाने फुंकतात आणि सूर्याकडे धरून भोकातून बघतात. तिसरा ओल्या फडक्याचा. उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकलं की गाडी चालू होते. भर दुपारी घाटात हा उपाय अनेकांनी अनुभवलेला आहे. संप्रदायाचे लोक तो पौषातल्या पहाटेही करतात. चौथे टायमिंगवाले. ते डिस्ट्रिब्युटर सैल करून एवढासा फिरवतात, इंजिनाचा आवाज बदलतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. आवाज सुधारला की बिघडला, याच्याशी त्या समाधानाचा संबंध नसतो.

आणि हल्ली सगळ्यांत जोरात आहेत ते पेट्रोलवाले. हा संप्रदाय २००० साली, देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हा उदयाला आला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून त्याची भरभराट आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणी धरतं. जेटं जुनीच ठेवली तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. पण म्हणून वायपर बंद पडल्याचं खापरही उसाच्या शेतकऱ्यावर फोडायचं, हे अति झालं.

हे सगळे संप्रदाय एका ठिकाणी पाहायचे असतील, तर जुन्या गाडीच्या मालकाच्या सोसायटीत रविवारी सकाळी जावं. आमच्या पुण्यातल्या एका सोसायटीत १९७८ सालची मार्क थ्री अ‍ॅम्बॅसेडर आहे. वडिलांची गाडी मुलाने जपलीय. या गाडीचं मूळ इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचं. बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती १९५८च्या सुमारास निघू लागली आणि २०१४ साली निघायची बंद झाली. मधल्या काळात तिच्यात बदल फार थोडे झाले. त्यामुळे एका अ‍ॅम्बॅसेडरचा अनुभव दुसरीला चालतो आणि काकांसारख्यांचं ज्ञान कधी जुनं होत नाही.

ही गाडी मिसिंग मारू लागली. मालकाने मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री म्हणाले, “अकराला येतो, तोवर हात लावू नका.” हे वाक्य काकांनी पार्किंगमध्ये उभं राहून ऐकलं. घड्याळात आठ वाजले होते.

“तीन तास?” काका म्हणाले. “अरे, तीन तासांत मी आख्खं इंजिन बांधून देतो तुला. बॉनेट उघड बाळा.”

मालक सभ्य घरातला. वडिलांच्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्याने बॉनेट उघडलं.

“प्लग,” काका म्हणाले. “शंभर टक्के.”

चारही प्लग काढले गेले. प्लगचं टोक हे सिलिंडरचं जिभेसारखं बोलकं अंग आहे, बघता आलं तर. तपकिरी, कॉफीच्या रंगाचं असेल तर जळण व्यवस्थित. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले. पांढरं फटक असेल तर हवा जास्त. हे चारही प्लग तपकिरी होते. गाडी ओरडून सांगत होती, की आमचं पोट उत्तम आहे. काकांनी ते पॉलिश पेपरने चकचकीत घासले, म्हणजे पुरावा नष्ट केला आणि करवतीच्या पात्याने गॅप बघून परत बसवले.

फरक पडला नाही.

“म्हणजे कंडेन्सर. मी आधीच म्हणणार होतो.”

घरात जुना कंडेन्सर होता, तो लावला. फरक पडला नाही. एव्हाना तिसऱ्या मजल्यावरचे दुसरे काका खाली आले होते. ते ओल्या फडक्याचे. त्यांनी पंपावर फडकं टाकलं. गाडी पहाटेपासून उभीच होती, पंप थंडगार होता. फडक्याने तो आणखी थंड झाला. मग कार्बोरेटर झाला. मग “टॅपेट वाजतायत, शंभर टक्के.” मग “हेड गॅस्केट उडालंय.” मग टायमिंग फिरवून झालं. मग वीस टक्के इथेनॉलवर दोन्ही काकांचं एकमत झालं आणि तेवढी पाच मिनिटं गाडीला विश्रांती मिळाली. या सगळ्या धांदलीत प्लगच्या वायरी टोपीतून निघाल्या होत्या. काकांनी त्या एक, दोन, तीन, चार अशा ओळीने परत लावल्या.

“क्रम वेगळा असतो ना काका?” मालक चाचरत म्हणाला.

“पहिलीत काय शिकलास? एकानंतर किती?”

मालकाने सेल्फ मारला. कार्बोरेटरमधून एक आणि सायलेन्सरमधून एक, असे दोन बार उडाले. कबुतरं उडाली. पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. काकांच्या खिशातला फोन वाजला. काकूंचा होता. दूध कुठपर्यंत आलंय, अशी चौकशी होती. काकांनी पिशवी नाकाशी नेली आणि गंभीर झाले.

“पिशवीतच खराब आलंय,” त्यांनी कारण सांगितलं. “कोल्ड स्टोरेजचा प्रॉब्लेम. शंभर टक्के.”

अकराला मिस्त्री आले. स्प्लेंडर झाडाखाली लावली, बॉनेटमध्ये एकदा पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, मग दोन्ही काकांकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. वायरी एक-तीन-चार-दोन अशा लावल्या, टायमिंग होतं तिथे आणलं, जुना कंडेन्सर काढून आधीचा बसवला. आधी काकांनी केलेलं दुरुस्त करायचं आणि मग गाडीचं, हा क्रम त्यांना पाठ असावा. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून कोरड्या फडक्याने एकेका प्लगची वायर उपसून पाहिली. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडतो, तो काम करत असतो. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. चौघांच्याही वेळी आवाज पडला. चौघेही जिवंत होते.

“मी बघतो,” म्हणत काकांनी हात घातला. त्यांच्या हातात पंपावरचं ओलं फडकं होतं.

बारा व्होल्टच्या बॅटरीतून कॉइल हजारो व्होल्ट तयार करते. करंट थोडा असतो म्हणून माणूस वाचतो. पण काका दोन पावलं मागे गेले, ती स्वतःच्या इच्छेने गेले असं कोणी म्हणणार नाही.

“कॉइल चांगली आहे,” मिस्त्री म्हणाले. दिवसभरातलं पहिलं बिनचूक निदान काकांच्या अंगावर झालं होतं.

मग मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला. सकाळपासून तो कोणीच विचारला नव्हता.

“कधी मारते?”

“चार दिवस झाले,” मालक म्हणाला.

“तसं नाही. उभी असताना स्लोला मारते का? घाटात मारते का? गार असताना का गरम झाल्यावर?”

मालक विचारात पडला. उभी असताना तर छान चालते. परवा कात्रजचा घाट चढला, तेव्हा पाय दाबून धरला होता, एकदाही अडली नाही. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून चाळीस-पन्नासने चाललं, की हिसके.

“चला,” मिस्त्री म्हणाले आणि इंजिनाला हातही न लावता निम्मे आरोपी सोडून दिले. घाटात इंजिनाला पेट्रोल सगळ्यांत जास्त लागतं. तिथे ती चालते, म्हणजे पंप आणि जेट सुटले. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि अशा दाबात ठिणगी पडायला करंट जोरकस लागतो. कॉइल, प्लग किंवा वायरी लंगड्या असत्या, तर त्या घाटातच उघड्या पडल्या असत्या. तेही सुटले. मग असं काय आहे, जे हलक्या पायाने चालवताना घडतं आणि चढावर घडत नाही?

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गॅरेजातल्या डेल्कोच्या, बाजूला एक चपटा गोल डबा असतो. कार्बोरेटरकडून एक बारीक पाइप त्याच्याकडे येतो. हलक्या पायाने गाडी चालवताना त्या पाइपात ओढ तयार होते, डब्यातला पडदा ओढला जातो आणि तो पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो. ठिणगी जरा लवकर पडते आणि पेट्रोल वाचतं. इंजिन स्लोला असताना ही ओढ पोचत नाही. चढावर ऍक्सिलरेटर दाबला की ती पडते आणि प्लेट परत जागेवर येते. थोडक्यात, गाडी मिसिंग मारते ती फक्त प्लेट सरकल्यावर.

मिस्त्रींनी टोपी काढली. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटतील अशा जागी आणलं, चावी चालू केली आणि कॉइलकडून डेल्कोला वायर निघते तिथे टेस्ट लॅम्पची पिन टेकवली. दुसरं टोक बॉडीला. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातून निघून जातो आणि दिवा लागत नाही. लागला नाही. मग त्यांनी तो बारीक पाइप कार्बोरेटरकडून काढला, तोंडात धरला आणि ओढला. प्लेट सरकली. दिवा लागला. सोडला. विझला. परत ओढला. लागला.

पार्किंगमध्ये बोलणं थांबलं होतं. काकाही गप्प होते.

पॉइंटकडे जाणारी एक बोटभर वायर होती. प्लेट हलली की तिलाही हलावं लागतं. इतकी वर्षं हलून तिच्या आतल्या तारा तुटल्या होत्या. वरचं आवरण शाबूत, त्यामुळे दिसायला धडधाकट. मिस्त्रींनी ती चिमटीत धरून हलकेच ताणली, तर ती रबरासारखी लांब झाली. आत तार उरलीच नव्हती. साधी घरगुती वायर इथे टिकत नाही. अगदी केसासारख्या तारांची लवचीक वायर लागते. ती त्यांनी एका जुन्या डेल्कोतून काढून पत्र्याच्या डबीत जपलेली होती. पंधरा मिनिटांत लागली. मालकाने सोसायटीबाहेर एक चक्कर मारली. गाडी सुतासारखी सरळ चालली.

“मी सकाळपासून काय म्हणतोय?” काका दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले. “करंटचा प्रॉब्लेम.”

मालकाने आठवून पाहिलं. काकांनी सकाळपासून प्लग, कंडेन्सर, पंप, कार्बोरेटर, टॅपेट, गॅस्केट, टायमिंग, इथेनॉल आणि भारतीय बनावटीचे सुटे भाग या सगळ्यांची नावं घेतली होती. एवढ्या नावांत ‘करंट’ कुठेतरी येऊन गेला असणार. कारणकाकांच्या यशाचं रहस्य हेच. त्यांनी काही सांगायचं शिल्लकच ठेवलेलं नसतं.

पण त्यांना हसताना एक गोष्ट विसरता येत नाही. मिस्त्री अकराला आले आणि बाराला गेले. काका आठपासून होते. खंबाटकीच्या घाटात उतरून कंडेन्सर बदलणारा तो ड्रायव्हर आता रस्त्यावर दिसेनासा झालाय. त्याच्या जागी टो करून नेणाऱ्यांचा नंबर आहे. जुनी गाडी घेऊन रस्त्यावर अडकलेल्या माणसाला ज्ञान नंतर लागतं. आधी कोणीतरी सोबत उभं राहावं लागतं. ते काम काका चोख करतात. मोबदला म्हणून ते फक्त कंडेन्सर बदलायला लावतात. तेवढं परवडतं.

नव्या गाड्यांनी काकांचा व्यवसाय बुडेल, असं काही जण म्हणतात. तिथे डेल्को नाही, पॉइंट नाहीत. मिसिंग झालं की गॅरेजवाला डॅशबोर्डखाली स्कॅनर लावतो आणि पडद्यावर पी-झिरो-थ्री-झिरो-थ्री असा आकडा येतो: तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. आता काकांना काय उरलं? सगळं उरलं. स्कॅनर सिलिंडरचा नंबर सांगतो. तो का मारतोय, ते सांगत नाही. ‘का’ हा प्रदेश अजून काकांच्याच ताब्यात आहे. स्कॅनरने आकडा दाखवला, की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि समाधानाने म्हणतात, “आता आलं ना लक्षात? कंडेन्सर.”

फक्त आमच्या सोसायटीतले काका आता कंडेन्सर म्हणत नाहीत. त्या रविवारी मिस्त्री हात धुवत असताना त्यांनी जमिनीवर पडलेली ती तुटकी वायर उचलली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. चाळीस वर्षांचा संप्रदाय त्यांनी एका सकाळी सोडला आणि नवा स्थापन केला. आता कुठल्याही गाडीचं काहीही बिघडलं, की सदऱ्याच्या खिशातून रुमाल निघतो, वायर निघते, ती समोरच्याच्या डोळ्यांपुढे ताणून दाखवली जाते. “दिसायला बघ कशी धडधाकट! आतून संपलीय. शंभर टक्के हीच.” गेल्या काही महिन्यांत या वायरने दोन स्कूटर, एक रिक्षा आणि शेजारच्या इमारतीची लिफ्ट यांचं निदान केलंय.

परवा सोसायटीतल्या एका नव्या मालकाने पार्किंगमध्ये तक्रार केली, की त्याची इलेक्ट्रिक गाडी निघताना झटका देते. बॉनेट उघडलेलंही नव्हतं. काका दुधाची पिशवी घेऊन तिथे पोचले होते.

“डेल्कोतली वायर बघितलीस?”

“काका, इलेक्ट्रिक आहे ही. हिच्यात डेल्को नाही, प्लग नाहीत, पेट्रोलसुद्धा नाही.”

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडले आणि त्या पोराकडे अपार करुणेने पाहिलं.

“डेल्को नाही, प्लग नाहीत, पेट्रोल नाही,” ते म्हणाले. “मग मिसिंग मारणारच की रे!”